कात्लाची हिमगुहा: सप्टेंबरात चौसष्ट वर्षांच्या आईला घेऊन जावे का?

पाऊलवाट (प्रश्न)

नमस्कार. येत्या सप्टेंबरच्या उत्तरार्धात मी, माझे पती आणि माझी आई असे तिघे दहा दिवसांसाठी आइसलँडला जात आहोत. दक्षिण किनाऱ्यावरच्या वीक या गावी आमचा दोन रात्री मुक्काम आहे आणि कात्ला ज्वालामुखीच्या परिसरातील हिमगुहा पाहायला नेणाऱ्या सफरी तिथूनच निघतात. हा बेत मुळात आईचा आहे. तिने अनेक वर्षे शाळेत भूगोल शिकवला आहे. बर्फाच्या भिंतीत राखेचे काळे पट्टे दिसतात हे वाचल्यापासून ती म्हणते आहे की, हिमनदीचा धडा आणि ज्वालामुखीचा धडा मी आयुष्यभर वेगवेगळ्या दिवशी शिकवले, आता ते एकाच भिंतीत पाहायचे आहेत.

तिचे वय चौसष्ट आहे. ती रोज चार किलोमीटर चालते, मात्र उतारावर तिचा उजवा गुडघा दुखतो. तिचाच एक प्रश्न असा आहे की, जाहिरातींत या गुहेला ज्वालामुखीची हिमगुहा म्हणतात, तर ती ज्वालामुखीच्या उष्णतेने तयार झाली आहे का, आणि तसे असेल तर आतला बर्फ टिकतो कसा? माझी काळजी वेगळी आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये आइसलँडमधल्याच एका हिमनदीवर बर्फ कोसळून एका पर्यटकाचा मृत्यू झाला होता. शिवाय कात्लाचा उद्रेक कधीही होऊ शकतो असे सगळीकडे लिहिलेले असते. सप्टेंबर हा या गुहेसाठी योग्य महिना आहे का, आणि गुडघ्याची तक्रार असलेल्या व्यक्तीला तिथपर्यंत पोहोचणे जमेल का? जे जाऊन आले आहेत किंवा ज्यांचा या विषयाचा अभ्यास आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

कातळखूण

तुमच्या आईंच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे नीट उत्तर जाहिरातींत क्वचितच सापडते. या गुहेला ज्वालामुखीची म्हणतात ते तिच्या ठिकाणामुळे आणि तिच्यातल्या राखेमुळे. तिच्या निर्मितीशी ज्वालामुखीच्या उष्णतेचा थेट संबंध नाही. कात्ला हा ज्वालामुखी मीर्दाल्सयोकुल नावाच्या विस्तीर्ण हिमटोपीखाली गाडलेला आहे. त्याच्या माथ्यावर सुमारे दहा किलोमीटर रुंदीचे कुंड आहे आणि त्या कुंडात शेकडो मीटर जाडीचा बर्फ साचलेला आहे. पर्यटकांना नेतात ती गुहा त्या कुंडात नाही. कुंडातून पूर्वेच्या बाजूला कोत्लुयोकुल नावाची हिमनदी खाली उतरते आणि तिच्या खालच्या टोकाशी, जिथे बर्फ वितळत संपत जातो, तिथे या गुहा असतात. उन्हाळ्यात पृष्ठभागावर वितळलेले पाणी भेगांतून आत शिरते. ते बर्फापेक्षा किंचितच उबदार असते, तरीही वाहता वाहता भिंती झिजवते, आणि त्याने वाट बदलली की मागे पोकळी उरते. आपण ज्या दालनात उभे राहतो ती म्हणजे पाण्याने सोडून दिलेली वाट असते.

हा फरक केवळ शब्दांचा नाही, कारण आइसलँडमध्ये ज्वालामुखी आणि बर्फ यांच्या संगतीत आढळणाऱ्या गुहा निदान तीन प्रकारच्या आहेत आणि तिन्हींचे धोके वेगळे आहेत. पहिला प्रकार वर सांगितलेला, म्हणजे हिमनदीच्या पोटात वितळपाण्याने कोरलेली गुहा. दुसरा प्रकार म्हणजे लाव्हाची नळी. वाहत्या लाव्हाचा वरचा थर थंड होऊन घट्ट होतो, आतला लाव्हा पुढे निघून जातो आणि खडकाचा बोगदा उरतो. हिवाळ्यातली जड, गार हवा अशा बोगद्यात उतरते आणि उन्हाळ्यातही बाहेर पडत नाही, त्यामुळे आत झिरपलेले पाणी गोठून बर्फाचे खांब तयार होतात. उत्तरेकडे मीवात्न सरोवराजवळची लोफ्टहेलिर ही अशी गुहा आहे. काटेकोर परिभाषेत हिमगुहा हा शब्द खरे तर या दुसऱ्या प्रकारालाच शोभतो, पहिलीला हिमनदीगुहा म्हणावे लागेल. पण बोलीभाषेत दोन्हींना एकच नाव रूढ झाले आहे.

तिसरा प्रकार मात्र खरोखरच भूगर्भातल्या उष्णतेने कोरलेला असतो. वात्नायोकुल या दुसऱ्या हिमटोपीच्या उत्तर कडेला क्वेर्कफ्योल येथे गरम पाणी आणि वाफ हिमनदीच्या तळातून बाहेर पडतात आणि बर्फात पोकळ्या करतात. अशा गुहांत छत कोसळण्याच्या जोडीला विषारी वायूचा धोका असतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये होफ्सयोकुल या हिमटोपीच्या एका फाट्यातील गुहेत एका माणसाचा मृत्यू झाला होता आणि तिथे हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण घातक आढळले होते. तुम्ही ज्या सफरीचा विचार करत आहात ती या प्रकारातली नाही, हे आईंना अवश्य सांगा. मात्र कात्लाच्या बाजूने येणाऱ्या मूलाक्विस्ल नदीच्या पाण्याला कधी कधी सडक्या अंड्यासारखा वास येतो. बर्फाखालचे भूऔष्णिक पाणी नदीत मिसळत असल्याची ती खूण असते, आणि अशा वेळी नदीच्या उगमाजवळ न जाण्याच्या सूचना दिल्या जातात.

आता राखेच्या पट्ट्यांविषयी, कारण आईंचे खरे आकर्षण तेच आहे. उद्रेकाच्या वेळी राख हिमटोपीच्या वरच्या भागात पडते, तिच्यावर पुढच्या हिवाळ्यांचे बर्फ साचते, दाबाखाली त्याचा घट्ट हिमबर्फ होतो आणि तो थर राखेसह हळूहळू उताराकडे सरकतो. खालच्या टोकाशी बर्फ वितळला की आतला पट्टा उघडा पडतो. या प्रवासाला कित्येक दशके, कधी शतकेही लागतात. म्हणून गुहेच्या भिंतीत दिसणारा पट्टा आडवा आणि सरळ असेलच असे नाही. बर्फ वाहताना तो वाकतो, घडी पडते, काही ठिकाणी जवळजवळ उभा होतो. वर्गात खडकांतल्या वळ्या फळ्यावर काढून दाखवणाऱ्या व्यक्तीला त्याच वळ्या बर्फात पाहताना काय वाटेल, याची मी कल्पना करू शकतो.

राखेचा आणखी एक गुण तिथे डोळ्यांनी पाहता येतो. बर्फावर राखेचा पातळ थर असेल तर काळा रंग ऊन शोषतो आणि बर्फ लवकर वितळतो. थर जाड असेल तर तोच थर पांघरुणासारखे काम करतो आणि खालचा बर्फ टिकतो. त्यामुळे गुहेकडे जाताना काळ्या वाळूचे टोकदार शंकू दिसतात, ज्यांच्या आत बर्फ असतो. आईंना तिथे क्षणभर थांबवा.

एक विनंती मात्र आहे. हा पट्टा अमुक सालच्या उद्रेकाचा, असे कोणी बोट दाखवून सांगितले तर ते पडताळल्याशिवाय वहीत उतरवून घेऊ नका. राखेच्या थरांवरून कालमापन करण्याची शाखा आइसलँडच्याच सिगुर्दुर थोरारिन्सन यांनी उभी केली, आणि त्या शास्त्रात राखेच्या कणांतील काचेचे रासायनिक घटक प्रयोगशाळेत मोजून मगच थराचा उद्रेक ठरवला जातो. नुसत्या रंगावरून ते सांगता येत नाही.

उत्तरवारा

मी ही सफर दोनदा केली आहे, एकदा फेब्रुवारीत आणि एकदा सप्टेंबरच्या अखेरीस, आणि दोन्ही वेळा मी वेगळीच गुहा पाहिली. नाव तेच, हिमनदी तीच, पण पहिल्या वेळच्या दालनाच्या जागी दुसऱ्या वेळी उघडी घळ होती. तेव्हा इंटरनेटवर पाहिलेले छायाचित्र मनात धरून जाऊ नका. तिथले मार्गदर्शक गुहा खचली किंवा पाण्याने भरली की दुसरी शोधतात, आणि तुम्हाला नेमकी कोणती पाहायला मिळेल हे त्या आठवड्याचा बर्फ ठरवतो.

सफर साधारण तीन तासांची असते. वीकहून मोठ्या चाकांच्या जीपमधून निघायचे, काही अंतर मुख्य रस्त्याने जायचे आणि मग मीर्दाल्ससांदुर या काळ्या वाळूच्या मैदानात शिरायचे. हा प्रवास मला गुहेइतकाच प्रिय आहे. दोन्ही बाजूंना नजर जाईल तिथवर काळी वाळू, मध्येच एकटा उभा असलेला ह्योर्लेइव्सहोव्दीचा डोंगर, जो एके काळी समुद्रकाठी होता आणि आज पुरांनी आणलेल्या गाळामुळे जमिनीच्या आत आला आहे, आणि समोर हळूहळू मोठी होत जाणारी हिमनदी. शेवटच्या टप्प्यात जीप बरीच आदळते. आईंना पाठीचा किंवा मानेचा त्रास असेल तर पुढच्या बाजूची जागा आधीच मागून घ्या.

जीप थांबते तिथे हेल्मेट आणि बुटांवर चढवायचे खिळ्यांचे पट्टे देतात. पहिल्या नजरेला हिमनदी ओळखूच येत नाही, कारण सगळीकडे राख आणि खडी पसरलेली असते. पाय ठेवल्यावर खिळे रुततात तेव्हा कळते की आपण बर्फावर उभे आहोत. तिथून गुहेपर्यंत दोन्ही वेळा मला वीस ते पंचवीस मिनिटे चालावे लागले. चाल अवघड नाही, पण सपाटही नाही. घळींवर फळ्या टाकलेल्या असतात, काही ठिकाणी धरायला दोर असतो, आणि गुहेच्या तोंडाशी बहुधा थोडी उतरण असते. गुडघ्याची परीक्षा तिथेच होईल. खिळे लावलेल्या बुटांनी पाऊल संपूर्ण तळव्यानिशी, किंचित जोर देऊन टेकवावे लागते. आपण एरवी उतरताना टाच आधी टेकवतो, ती सवय तिथे उपयोगाची नाही. दुमडती काठी सोबत न्या आणि ती वापरली तर चालेल का, हे निघण्यापूर्वी मार्गदर्शकाला विचारा. गुडघ्याची तक्रारही तेव्हाच सांगा, वाटेत नव्हे, कारण गटाचा वेग ठरवण्यासाठी त्यांना ती माहिती लागते.

आतले वर्णन मी थोडक्यात करतो, कारण आईंनी ते स्वतः पाहावे. बाहेरच्या काळ्या मैदानातून आत गेल्यावर छतातून निळसर उजेड झिरपताना दिसतो. हिमबर्फातले हवेचे बुडबुडे दाबाने जवळपास नाहीसे झालेले असतात, आणि बर्फ लाल प्रकाश शोषून निळा पुढे जाऊ देतो. त्या निळ्यात काळे पट्टे, आणि पट्ट्यांच्या कडांवरून सतत टपकणारे पाणी. सप्टेंबरात हे टपकणे हिवाळ्यापेक्षा कितीतरी जास्त होते. कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि लेन्स पुसायला दोन-तीन कापड न्या. आतले तापमान शून्याच्या आसपास असते, पण ओलाव्यामुळे गारठा अधिक जाणवतो. आतून लोकरी कपडे आणि वरून पाणी न शिरणारे जाकीट व पँट हवीच, कारण वीक हे आइसलँडमधल्या सर्वांत पावसाळी गावांपैकी एक आहे. जीन्स घालू नका. घोटा झाकणारे, घट्ट तळव्याचे बूट नसतील तर खिळ्यांचे पट्टे नीट बसत नाहीत. मी पहिल्या वेळी मऊ बूट घालून गेलो होतो आणि पट्टा दोनदा निसटल्यामुळे सगळ्या गटाला माझ्यासाठी थांबावे लागले.

खर्च विचारलेला नाही, तरी सांगतो: वीकहून माणशी वीस हजार क्रोनांहून अधिक लागतात. रेक्याविकहून निघणारी दिवसभराची सफर याहून महाग असते आणि तिचा बराचसा वेळ रस्त्यात जातो. तुमचा मुक्काम वीकमध्येच आहे, त्यामुळे तिचा विचारही करू नका.

सप्टेंबरच्या बाबतीत माझा अनुभव चांगला आहे. दिवस आणि रात्र जवळपास सारखी असतात, उजेड पुरेसा मिळतो. मार्गदर्शक रोज त्या वाटेने जातात, त्यांना बर्फ ओळखता येतो, त्यांच्यावर विश्वास ठेवून निर्धास्त जा.

दोरखंड

उत्तरवारा यांच्या बाकी सर्व सूचना मला मान्य आहेत. शेवटचे वाक्य मात्र मान्य नाही. मी गेली बरीच वर्षे गटांना डोंगरात नेतो, त्यातली काही वर्षे बर्फाच्या प्रदेशात गेली. मार्गदर्शकावर विश्वास ठेवावा हे खरे, पण निर्धास्त होऊन नव्हे, आणि तो विश्वास काही प्रश्न विचारल्यानंतरच ठेवावा.

२५ ऑगस्ट २०२४ रोजी जे घडले ते कात्लाजवळ नव्हे, तर बरेच पूर्वेला, ब्रेइदामेर्कुरयोकुल या वात्नायोकुलच्या फाट्यावर घडले. मार्गदर्शकांसोबत गेलेल्या गटावर बर्फ कोसळला, एका अमेरिकी पर्यटकाचा मृत्यू झाला आणि त्याची जोडीदार जखमी झाली. आणखी दोघे बर्फाखाली अडकले असावेत असे समजून बचाव पथके दुसऱ्या दिवसापर्यंत हातांनी आणि साध्या अवजारांनी बर्फ फोडत राहिली, आणि शेवटी लक्षात आले की खाली कोणीच नव्हते. गटातील माणसांची नोंदच चुकीची होती. मला या घटनेतला हा भाग कोसळण्याइतकाच अस्वस्थ करतो. किती माणसे आत गेली हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्याबरोबर मी माझ्या आईला पाठवणार नाही. त्यानंतर वात्नायोकुल राष्ट्रीय उद्यानाने त्या भागातील हिमगुहांच्या सफरी थांबवल्या आणि पुढे अधिक कडक अटींवर सुरू केल्या. कात्लाची गुहा त्या उद्यानाच्या हद्दीत येत नाही, हे लक्षात ठेवा. त्या अटी तिथे आपोआप लागू होत नाहीत.

हेल्मेटविषयी एक गैरसमज पाहतो, म्हणून आकडा सांगतो. एक घनमीटर हिमबर्फाचे वजन सुमारे नऊशे किलो भरते. हेल्मेट छोट्या तुकड्यांपासून आणि कमी उंचीच्या छताला डोके आपटण्यापासून वाचवते. छताचा भाग सुटला तर त्याचा उपयोग नाही. म्हणून खरी सुरक्षितता कोणत्या छताखाली जायचे, किती वेळ थांबायचे आणि कोणत्या दिवशी जायचेच नाही, या तीन निर्णयांत असते. उष्ण दिवस, सलग पाऊस, गुहेतून वाहणाऱ्या पाण्याची अचानक वाढलेली पातळी, तोंडाशी ताजे पडलेले तुकडे, ही सगळी मागे फिरण्याची कारणे आहेत. सप्टेंबरच्या उत्तरार्धात वितळणे कमी होऊ लागते, पण थांबलेले नसते. फेब्रुवारीतली गुहा आणि सप्टेंबरातली गुहा यांत सुरक्षिततेच्या दृष्टीने फरक आहे, आणि ही सफर वर्षभर चालते एवढ्यावरून तो फरक पुसला जात नाही.

आरक्षण करण्यापूर्वी सफर नेणाऱ्यांना पत्र लिहून विचारा. गुहेची पाहणी रोज कोण करते आणि तिची नोंद ठेवली जाते का? एका मार्गदर्शकामागे किती माणसे असतात? मार्गदर्शकाने आइसलँडच्या पर्वत-मार्गदर्शक संघटनेचे हार्ड आइस हे प्रशिक्षण घेतले आहे का? त्या दिवशी गुहा असुरक्षित वाटली तर काय करता, पैसे परत मिळतात की दुसरी वाट दाखवता? आइसलँडमध्ये सफरी आयोजित करणाऱ्यांना पर्यटन मंडळाचा परवाना लागतो आणि लेखी सुरक्षा आराखडा ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. तो आराखडा आहे का, हेही विचारायला संकोच करू नका. उत्तरे नेमकी आली तर जा. आमच्याबरोबर आजवर काहीही झालेले नाही एवढेच उत्तर आले तर दुसरीकडे पाहा.

आता कात्लाच्या उद्रेकाविषयी. शेवटचा मोठा उद्रेक १२ ऑक्टोबर १९१८ रोजी सुरू झाला आणि २४ दिवस चालला. अशा उद्रेकात लाव्हापेक्षा मोठा धोका पाण्याचा असतो. बर्फ आतून वितळतो आणि हिमखंड, गाळ व पाणी यांचा प्रचंड लोंढा एकदम बाहेर पडतो. १९१८ मध्ये तो लोंढा कोत्लुयोकुलमधूनच आला आणि मीर्दाल्ससांदुरवरून समुद्राकडे गेला. त्याने आणलेल्या गाळामुळे किनारा समुद्रात पुढे सरकला. मैदानात मेंढ्या गोळा करायला गेलेले शेतकरी घोडे दौडवत जेमतेम निसटले. थोडक्यात, जीप ज्या वाळूवरून जाते ती वाळू म्हणजे या पुरांचाच गाळ आहे. हे मी घाबरवण्यासाठी लिहीत नाही, पण आपण कुठे उभे आहोत हे माहीत असावे.

त्याच्या तुलनेत लहान पूर अलीकडेही आले. जुलै २०११ मध्ये मूलाक्विस्लवरचा पूल वाहून गेला आणि तात्पुरता पूल उभा राहीपर्यंत मुख्य रस्ता तुटलेला होता. २७ जुलै २०२४ रोजी स्काउल्म नदीला आलेल्या पुराने त्याच रस्त्याचे नुकसान केले. हवामान खाते भूकंपमापकांनी आणि नद्यांतील पाण्याच्या विद्युतवाहकतेवरून सतत लक्ष ठेवते, आणि धोका दिसला की त्या परिसरातील मोबाईल फोनवर संदेश पाठवले जातात. म्हणून फोन चार्ज केलेला आणि चालू ठेवा. आपत्कालीन क्रमांक ११२ आहे. वीकमध्ये असताना इशारा मिळाला तर टेकडीवरच्या चर्चकडे जायचे असते. गावकऱ्यांना हे लहानपणापासून माहीत असते, तुम्हीही पोहोचल्या दिवशीच ती वाट पायी एकदा चालून या.

गुडघ्याविषयी एवढेच की, गुहेच्या तोंडाशी जाऊनही आत उतरायचे नाही असे आईंना वाटले तर त्यांनी बाहेर थांबण्याची सोय आहे का, आणि त्यांच्यासोबत कोण थांबेल, हे आधी ठरवा. गुहेचे तोंड हीसुद्धा थांबण्याची जागा नव्हे. तुकडे बहुतेक तिथेच पडतात. पर्याय हवा असेल तर लांगयोकुल हिमनदीत माणसांनी कोरलेला बोगदा आहे, तो २०१५ मध्ये खुला झाला. तिथे चाल सोपी आहे. लोफ्टहेलिर सुचवणार नाही, कारण तिथे अरुंद जागेतून सरपटावे लागते.

पाऊलवाट

आपण तिघांनी इतक्या आस्थेने लिहिले त्याबद्दल मनापासून आभार. मी सर्व प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवले. राखेच्या शंकूंचा परिच्छेद तिने दोनदा वाचायला लावला. तीन ठिकाणी प्रश्न पाठवले होते. त्यांपैकी एका ठिकाणाहून सविस्तर उत्तर आले, त्यात रोजच्या पाहणीची पद्धत, गटातील माणसांची मर्यादा आणि गुहेत थांबण्याचा अंदाजे वेळ दिलेला होता, आणि गुडघ्याच्या संदर्भात त्यांनीच उलट दोन प्रश्न विचारले. तिथे आरक्षण केले आहे. आता एकच शंका उरली आहे: वादळी वाऱ्यामुळे सफर रद्द झाली तर काय करावे?

सांजकिनारा

सफर पहिल्या दिवशीची घ्या, म्हणजे दुसरा दिवस राखीव राहतो. आइसलँडच्या हवामान खात्याचे इशारे पिवळ्या, नारिंगी आणि लाल रंगांत दिले जातात; नारिंगी दिसला तर वीक ते मीर्दाल्ससांदुर हा टप्पा स्वतःच्या गाडीनेही टाळा. त्या मैदानात वारा सुटला की काळी वाळू उडते आणि गाडीचा रंग व काचा खरवडून काढते. भाड्याच्या गाडीच्या नेहमीच्या विम्यात वाळू आणि राखेने झालेले नुकसान बहुतेक वेळा धरलेले नसते. ते संरक्षण वेगळे घ्यावे लागते. मला हे परत येताना गाडी जमा करताना कळले आणि मोठा भुर्दंड बसला. गाडी उभी करताना तोंड वाऱ्याच्या दिशेने ठेवा आणि दार एका हाताने घट्ट धरूनच उघडा, कारण तिथे वाऱ्याने दारे उलटी वाकतात.

सफर रद्द झालीच, तर आईंना सांगायला एक गोष्ट देतो. तिथल्या लोककथेत कात्ला ही एका मठातली घर सांभाळणारी बाई आहे. तिच्याकडे एक जादूची विजार असते. ती घातली की कितीही धावले तरी माणूस थकत नाही. मेंढपाळ ती विजार तिला न विचारता घालतो आणि हरवलेल्या मेंढ्या गोळा करून आणतो. संतापून कात्ला त्याला निवळीच्या मोठ्या पिंपात बुडवते. हिवाळाभर निवळी वापरली जाते, पिंपातली पातळी उतरत जाते, आणि आता तो दिसणार हे कळल्यावर कात्ला विजार घालून हिमनदीकडे धावत सुटते आणि एका भेगेत उडी घेते. त्यानंतर लगेच हिमनदीतून पूर आला, असे ती कथा सांगते. या कथेत कात्ला आणि हिमनदीचा पूर यांची जोडगोळी किती जुन्या काळापासून लोकांच्या ध्यानात होती, हे भूगोलाच्या शिक्षिकेला नक्की आवडेल.

पाऊलवाट

परत येऊन आठ दिवस झाले. इथे मदत केलेल्या सर्वांना वृत्तान्त द्यायचा राहू नये म्हणून लिहिते.

पहिल्या दिवसाची सफर वाऱ्यामुळे रद्द झाली. सांजकिनारा यांच्या सल्ल्याप्रमाणे दुसरा दिवस हातात होता, म्हणून आम्ही दुपारी चर्चची टेकडी चढून आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गटात गेलो. गटात आम्ही नऊ जण होतो. मार्गदर्शक मुलीने जीपमधून उतरल्यावर, बर्फावर जाण्यापूर्वी आणि परतल्यावर अशी तीनदा माणसे मोजली. मी ते मोजणे फार लक्षपूर्वक पाहत होते.

आईला चालायला पस्तीस मिनिटे लागली, आणि कोणीही तिला घाई केली नाही. शंकूंपाशी ती थांबली, हातमोज्याने थोडी राख बाजूला सारून तिने आतला बर्फ पाहिला, आणि मग मार्गदर्शकाच्या परवानगीने ती राख पुन्हा होती तशी पसरून ठेवली. गुहेत दोन दालने होती. पहिल्या दालनात आम्ही दहा-बारा मिनिटे होतो. दुसऱ्या दालनाकडे जाणाऱ्या वाटेवर पाणी नेहमीपेक्षा अधिक होते आणि छताजवळ एक नवी भेग दिसत होती, म्हणून मार्गदर्शकाने तिथूनच परत फिरायचे ठरवले. गटातील एका जोडप्याला ते आवडले नाही. आईने मात्र तिचे आभार मानले.

पट्टा आम्ही पाहिला. छातीच्या उंचीवरून सुरू होऊन तो छताकडे वळत गेला होता आणि वर जाऊन त्याची दुहेरी घडी झाली होती. आईने मार्गदर्शकाला विचारले की हा कोणत्या उद्रेकाचा असेल. ती म्हणाली, मला माहीत नाही, इथल्या कोणालाच नुसते पाहून सांगता येणार नाही. कातळखूण, आई त्या उत्तरावर इतकी खूश झाली की तिने ते हॉटेलवर येऊन वहीत तारखेसह लिहून ठेवले, आणि खाली त्या घडीचे चित्र काढले आहे. गुडघा दोन दिवस दुखला.